दिव्याखालची मिरची-टोमॅटो: पान बिघडलं की खताआधी काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमाने

पान पिवळं पडलं की हात आपोआप खताच्या डब्याकडे जातो. घरात, ग्रो लाइटखाली, कुंडीत वाढवलेल्या मिरची-टोमॅटोची बरीच झाडं याच सवयीने जातात. शेतात थोडं जास्त पडलेलं खत पाऊस आणि खोल माती पोटात घालतात. कुंडीत माध्यमच (माती, कोकोपीट वगैरे) मुळी दहा-बारा लिटर. तिथे घातलेला क्षार तिथेच राहतो, दर पाण्यागणिक साठत जातो, आणि शेवटी मुळं पाणीच ओढेनाशी होतात. मग पान आणखी पिवळं पडतं आणि आपण आणखी खत घालतो.

इंटरनेटवर पानांच्या फोटोंचे तक्ते पुष्कळ आहेत. ते चुकीचे नसतात, पण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि घोटाळा होतो. ‘मॅग्नेशियमची कमतरता’ म्हणून दाखवलेलं पान माध्यमात मॅग्नेशियम भरपूर असतानाही तसंच दिसू शकतं, कारण मुळं गुदमरलेली असतात किंवा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता) बिघडलेला असतो. म्हणून खालच्या क्रमात तक्त्याचं काम सातव्या टप्प्यावर येतं. मधला टप्पा गाळू नका. एखाद्या टप्प्यावर कारण सापडलं तर तिथेच थांबून ते दुरुस्त करा, पुढे जाऊ नका.

## तयारी: हाताशी काय हवं

सामूमापक, म्हणजे पीएच मीटर. ईसी मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला क्षार किती ते विद्युतवाहकतेवरून सांगणारा. किमान दहापट मोठं दाखवणारं भिंग. पांढरा कागद, अर्धा-एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, पाणी गोळा करायला उथळ बशी आणि एक वही. वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर हातानेही भागतं.

मीटरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चुकीचा मीटर हा मीटर नसण्यापेक्षा वाईट. सामूमापक वापरण्याआधी ४ आणि ७ सामूच्या प्रमाणित द्रावणांत लावून घ्या. त्याची काचेची टोकाची गोळी कोरडी पडू देऊ नका. ती डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवण्याची सवयही मोडा, त्याने सेन्सर खराब होतो. त्यासाठी मिळणारं पोटॅशियम क्लोराइडचं साठवण द्रावण टोपणात थेंबभर ठेवा. ईसी मीटर १.४१३ मिलिसीमेन्सच्या द्रावणावर तपासता येतो.

सावधान: ईसी नेहमी ईसीतच लिहा, पीपीएममध्ये नको. १.० ईसी एका कंपनीच्या मीटरवर ५०० पीपीएम दिसतो, तर दुसरीच्या मीटरवर ७००. एकाने सांगितलेला पीपीएमचा आकडा दुसऱ्याने आपल्या मीटरवर गाठायचा म्हणजे खताचा डोस जवळपास दीडपट होऊ शकतो किंवा उलटही.

## टप्पा १: खत थांबवा, पांढऱ्या उजेडात झाड बघा

निदान होईपर्यंत खत बंद. फवारणी बंद. साधं पाणी, तेही कुंडीला गरज असेल तरच. चार-पाच दिवस खत न मिळाल्याने एकही झाड मरत नाही.

मग ग्रो लाइट बंद करा. जांभळ्या किंवा गुलाबी छटेच्या दिव्याखाली पिवळं पान तपकिरी दिसतं आणि फिकट हिरवं पान काळपट. शक्य तर कुंडी खिडकीशी न्या, नाहीतर साध्या पांढऱ्या बल्बखाली बघा. फोटोही तिथेच काढा: एक पूर्ण झाडाचा, एक खालच्या पानाचा, एक शेंड्याचा, एक पानाच्या पाठीचा.

वहीत लिहा: शेवटचं पाणी कधी, शेवटचं खत कोणतं आणि किती, दिवा किती उंचीवर आणि किती तास, गेल्या पंधरवड्यात काय बदललं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवा दिवा, नवी कुंडी, पंख्याची जागा, खताचा नवा डबा, शेजारी आणून ठेवलेलं नवं रोप. बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा या यादीतच असतं.

## टप्पा २: बिघाड झाडावर नेमका कुठे आहे?

पान कसं दिसतं याआधी ते कुठलं आहे ते पाहा.

जुनी, खालची पानं आधी बिघडली का? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात इकडून तिकडे जाऊ शकतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून खूण खाली दिसते.

कोवळी, शेंड्याजवळची पानं आधी बिघडली का? कॅल्शियम, लोह, बोरॉन ही एकदा जिथे बसली तिथून जवळपास हलत नाहीत, गंधक, मंगल (मँगनीज) आणि जस्तही फारसे हलत नाहीत. पुरवठा तुटला की नव्या पानाला काहीच मिळत नाही.

फक्त दिव्याच्या सगळ्यात जवळची पानं बिघडली, मग ती कोवळी असोत वा जून, तर संशय दिव्यावर. झाडाची एकच बाजू बिघडली तर पंखा, एसीचा झोत किंवा खिडकी.

दुसरी खूण समतोलाची. अन्नद्रव्याची कमतरता मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसते आणि एकाच वयाच्या पानांवर एकसारखी असते. एका पानावर ठिपके, शेजारचं स्वच्छ, पुढच्यावर अर्ध्याच भागात डाग, असं विस्कळीत चित्र असेल तर ते खताचं काम नाही. कीड, रोग किंवा इजा शोधा.

तपासा: रोपाची पहिली दोन बीजपत्रं पिवळी पडून गळणं हे नेहमीचंच आहे. चांगल्या वाढलेल्या टोमॅटोची सगळ्यात खालची, सावलीतली दोन-तीन पानं फिकट होणंही नेहमीचंच. आणि टोमॅटोची खालची पानं हिरवीगार राहून कडांनी वर वळली, जाडसर झाली, तर तो रोग नाही. छाटणी, जोराची वाढ किंवा उष्णतेच्या ताणाने पानं अशी गुंडाळतात. त्यावर काहीही घालू नका.

## टप्पा ३: भिंग घ्या आणि पान उलटं करा

घरात कीड कुठून येणार, असं वाटतं म्हणून हा टप्पा सर्रास गाळला जातो. खरं तर बंद खोलीत पाऊस नाही, दवं नाही, किडींना खाणारे मित्रकीटक नाहीत. लाल कोळ्याला याहून चांगली जागा कुठली?

पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानावर बोटाने दोन टिचक्या मारा. कागदावर धुळीसारखे कण पडतील. पंधरा-वीस सेकंद नुसतं बघत राहा. कण सरकायला लागला तर तो कोळी. एखादा कण अंगठ्याने कागदावर पुसून पाहा, हिरवट किंवा तांबूस रेघ उमटली तर शंकाच संपली. कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, त्यामुळे पानावर तो दिसण्याआधी त्याचं काम दिसतं: वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे असंख्य बारीक फिकट ठिपके. जाळी दिसायला लागली म्हणजे उशीर झालेला आहे.

फुलकिड्यांनी खरवडलेला भाग चंदेरी दिसतो आणि त्यावर काळे बारीक ठिपके असतात, ती त्यांची विष्ठा. मिरचीत एक जुनी खूण बरीच कामाची आहे: पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळून अरुंद, जाड आणि ठिसूळ झाली तर पांढरा कोळी. हा पांढरा कोळी साध्या डोळ्यांना दिसतच नाही, कोवळ्या शेंड्यात लपतो, आणि चुरडलेला शेंडा बघून लोक कॅल्शियम घालत बसतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

मावा आणि पांढरी माशी उघड दिसतात, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. पानावर चिकटपणा जाणवला की वरच्या पानाची पाठ बघा, बस्स. कुंडीच्या मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर तो सतत ओल्या मातीचा पुरावा समजा आणि पाचव्या टप्प्यावर जास्त वेळ द्या.

कीड सापडली तर झाड वेगळं ठेवा, पानाची पाठ पाण्याच्या धारेने धुवा, मग कीटकनाशक साबण किंवा कडुनिंबाचं तेल डब्यावरच्या प्रमाणात फवारा. एका फवारणीने अंडी मरत नाहीत. चार-पाच दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या लागतात.

सावधान: तेलाची कोणतीही फवारणी दिवा बंद झाल्यावरच, आणि पान पूर्ण सुकेपर्यंत दिवा लावायचा नाही. तेल लागलेलं पान प्रखर उजेडात भाजतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच डाग घेऊन आपण नव्या रोगाच्या शोधात निघतो. आधी एका पानावर फवारून दोन दिवस थांबा.

## टप्पा ४: दिवा, तास, वारा

दिव्याने भाजलेलं पान ओळखायला सोपं आहे. शेंड्याजवळची, दिव्याखाली थेट येणारी पानं फिकट पिवळी किंवा पांढरट होतात, त्याच झाडाची सावलीतली पानं हिरवी राहतात. एक पान दुसऱ्यावर आडवं आलं असेल तर ते बाजूला करून बघा. झाकलेल्या भागाचा हिरवा ठसा तसाच राहिला असेल तर दोष उजेडाचा.

पानांच्या उंचीवर हात धरून बघायची जुनी युक्ती उष्णता सांगते, उजेड नाही. एलईडीखाली हाताला काहीच जाणवत नाही आणि पान तरी पांढरं पडतं. त्यामुळे मोजा. फोनवरच्या लक्स ॲपने अंदाज येतो. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सचा आकडा साधारण ७०ने भागला की झाडाला उपयोगी उजेडाचा, म्हणजे पीपीएफडीचा, ढोबळ आकडा मिळतो. कोवळ्या रोपांना १०० ते २००, वाढीच्या झाडांना ३०० ते ४००, फुलं-फळं धरलेल्यांना ४०० ते ६०० पुरतो. जांभळ्या दिव्यांना हा भागाकार लागू पडत नाही, तिथे दिवा वर उचलून आठवडाभर नव्या पानाकडे बघणं हाच उपाय.

तास १४ ते १६. टोमॅटोला २४ तास दिवा कधीही नको. सतत उजेडात टोमॅटोच्या पानांवर शिरांमध्ये पिवळे चट्टे पडतात, हे अनेक प्रयोगांत दिसून आलेलं आहे, आणि ते चट्टे थेट मॅग्नेशियमच्या कमतरतेसारखे दिसतात. टायमर अडकून दिवा रात्रभर चालू राहतो आणि कुणाला पत्ता नसतो, असंही होतं. टायमर रात्री एकदा उठून बघा.

पानाच्या पाठीवर बारीक, खडबडीत, कणीदार फोड आले असतील आणि भिंगाखाली कीड दिसत नसेल तर ती सूज आहे. मुळं पाणी भरपूर ओढतात, हवा दमट असल्याने पान ते सोडू शकत नाही. अतिनील किरण नसलेल्या एलईडीखाली टोमॅटोवर हे जास्त दिसतं. हवा खेळती ठेवा, पाणी दिवसाच्या सुरुवातीला द्या. झाडाला यातून फारसा धोका नसतो.

पंख्याचा झोत थेट पानावर नको. सतत झोतातली पानं कडांनी वाळतात आणि चमच्यासारखी वळतात. पानं हलकेच हलावीत, फडफडू नयेत.

## टप्पा ५: कुंडी उचला, मुळं बघा

झाड मलूल आहे. कुंडी उचला. हलकी असेल तर पाणी द्या, विषय संपला. जड असेल आणि तरीही झाड मान टाकून असेल तर मुळं गुदमरली आहेत. पाणी साचलेल्या टोमॅटोचे देठ खालच्या बाजूला वाकतात, पान सुकलेलं नसतं, नुसतं लोंबतं. ते पाहून लोक आणखी पाणी घालतात. या लेखातली सगळ्यात महाग पडणारी चूक कुठली विचाराल तर मी हीच सांगेन.

वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. कुंडीत वाफसा हवा: ओल आहे, पण मुठीत दाबलं तर पाणी गळत नाही. एकदा पूर्ण भिजवून निथळलेल्या कुंडीचं वजन घ्या. ते वजन साधारण एक तृतीयांशाने उतरलं की पुढचं पाणी. माध्यमाप्रमाणे हे थोडं बदलेल, पण पंधरा दिवसांत हातालाच कळायला लागतं.

आता झाड बुंध्याशी दोन बोटांत धरून कुंडी आडवी करा आणि मुळांचा गोळा हलकेच सरकवून बघा. पांढरी मुळी दिसली, मातीला पावसाळी वास असला, तर मुळं ठणठणीत. तपकिरी, गिळगिळीत मुळं, ओढली की साल निघून आत दोरा उरतो आणि आंबूस वास येतो, तर ती कुजली आहेत. अशा झाडाला कोणतंही खत लागू पडणार नाही. निचऱ्याची भोकं मोकळी करा, बशीत पाणी साचू देऊ नका, माध्यमात पर्लाइट (निचरा वाढवणारे हलके पांढरे कण) वाढवून झाडाचं माध्यम बदला, आणि नवी पांढरी मुळी फुटेपर्यंत खत विसरा.

मुळांचं तापमानही बघा. थंड फरशीवर ठेवलेल्या कुंडीत मुळांशी १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की झाडाला स्फुरद नीट घेता येत नाही, आणि टोमॅटोच्या रोपांच्या पानांची पाठ जांभळी होते. अशा वेळी स्फुरद वाढवायचं नसतं. कुंडीखाली लाकडी पाट सरकवा. १८ ते २४ अंश मुळांना मानवतात.

तपासा: इथपर्यंत कीड, उजेड, वारा, पाणी, मुळं यांपैकी काही सापडलं का? सापडलं असेल तर ते दुरुस्त करून सात ते दहा दिवस थांबा. ‘सोबत थोडं खतही घालू’ हा मोह आवरा. दोन गोष्टी एकदम केल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

## टप्पा ६: पाण्याचा आणि निचऱ्याचा सामू-ईसी

आधी नळाचं नुसतं पाणी मोजा. त्याचाच ईसी ०.७-०.८ असेल तर ते क्षारयुक्त आहे आणि खताला कमी जागा उरते. आरओचं पाणी असेल तर उलट अडचण: त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं, ते खतातूनच द्यावं लागतं.

मग कुंडीतून निघणारं पाणी मोजा. त्याची रीत अशी:

१. झाडाला नेहमीसारखं पाणी द्या, निथळू द्या. अर्धा ते एक तास थांबा.

२. बशीतलं पाणी फेकून बशी पुसा. कुंडी दोन लाकडी तुकड्यांवर बशीच्या वर ठेवा, भोकं पाण्याला टेकता कामा नयेत.

३. मातीच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखं, हळूहळू डिस्टिल्ड वॉटर ओता. आठ इंची कुंडीला शंभर मिलिलिटरच्या आसपास. खालून साधारण ५० मिलिलिटर पाणी जमलं की थांबा.

४. तेवढ्याच पाण्याचा सामू आणि ईसी मोजा, वहीत लिहा.

जास्त पाणी ओतलं की निचरा पातळ होतो आणि ईसी खोटा कमी दिसतो. बशीत कालचं वाळलेलं पाणी असेल तर खोटा जास्त दिसतो. म्हणून पायरी २ महत्त्वाची.

सामू मातीच्या मिश्रणात ६.० ते ६.८ आणि कोकोपीटसारख्या माध्यमात ५.५ ते ६.३ असला की बरं. सातच्या वर गेला की लोह आणि मंगल माध्यमात असूनही झाडाच्या हाती लागत नाहीत. ५.३च्या खाली गेला की कॅल्शियम-मॅग्नेशियमची अडचण सुरू होते, आणि मंगल इतका सुटतो की तो विषासारखा वागतो.

ईसी कोवळ्या रोपांसाठी ०.८ ते १.२, वाढीच्या झाडांसाठी १.४ ते २.०, फळं धरलेल्या मिरचीसाठी २.० ते २.५, टोमॅटोसाठी ३.०पर्यंत, आणि यात पाण्याचा मूळ ईसी धरलेला आहे. निचऱ्याचा ईसी तुम्ही एरवी घालता त्या खताच्या पाण्यापेक्षा एकाने किंवा त्याहून जास्त वर असेल तर क्षार साठतोय. बराच खाली असेल तर झाड खरोखर उपाशी आहे, आणि आता खतावर बोलायला हरकत नाही.

एक मेख लक्षात ठेवा. युरिया पाण्यात विरघळला तरी त्याचे विद्युतभारित कण होत नाहीत, म्हणून ईसी मीटरला तो दिसत नाही. १९:१९:१९सारख्या (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेल्या) विद्राव्य खतात नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असू शकतो. मीटर १.० दाखवतो, तुम्ही आणखी चमचा घालता, आणि काही दिवसांनी युरियाचं रूपांतर झालं की कुंडीतला ईसी चढलेला असतो. असं खत वापरताना वजन करूनच घाला, मीटर गाठायला जाऊ नका.

सावधान: सामू उतरवताना आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने घाला, आम्लावर पाणी कधीही नाही. हातमोजे घाला. लिंबू किंवा व्हिनेगरने सामू उतरतो खरा, पण सूक्ष्मजीव ती आम्लं खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत तो पुन्हा चढतो.

## टप्पा ७: आता पान वाचा

कीड नाही, मुळं पांढरी, सामू जागेवर, ईसी माहीत. आता तक्त्याचा खरा उपयोग होतो.

खालची पानं सरसकट फिकट, शिरांसकट पिवळी, वाढ मंद: नत्र. याचं उलटं रूपही ओळखा. पानं गर्द हिरवी, चकचकीत, टोकं पक्ष्याच्या नखीसारखी खाली वळलेली, फुलं येऊन गळतात: नत्र जास्त झालं. मिरचीला फुलं टिकत नाहीत म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे बऱ्याचदा दिसतं.

खालच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग भाजल्यासारख्या तपकिरी: पालाश. फळं भरताना जास्त दिसतं. क्षाराने भाजलेलं पानही जवळपास असंच दिसतं, पण त्यात आधी टोक जळतं, वेगवेगळ्या वयाच्या पानांवर जळतं, आणि निचऱ्याचा ईसी चढलेला असतो. इथे मीटरशिवाय निर्णय घेऊच नका. पालाशाच्या उपासावर पालाश घालायचं आणि क्षारावर नेमकं तेच करायचं नाही, म्हणजे चुकलं की आगीतून फुफाट्यात.

शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हे चित्र दोघांचं आहे. खालच्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम, शेंड्याच्या पानांवर असेल तर लोह. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मे गोंधळ टळतील. मॅग्नेशियम घालण्याआधी पालाश किती घालताय ते बघा. जास्त पालाश मॅग्नेशियमला मुळाशीच अडवतो. आणि लोह घालण्याआधी सामू पुन्हा बघा. सामू ७.२ असताना साधं फेरस सल्फेट घालणं म्हणजे पैसे मातीत घालणं, ते लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातं. चिलेटेड लोहातही (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेल्या लोहातही) फरक आहे: ईडीटीए प्रकार साधारण ६.५ सामूपर्यंत चालतो, डीटीपीए त्याच्या थोडं वर, आणि चुनखडीच्या, जास्त सामूच्या माध्यमात ईडीडीएचए प्रकारच टिकतो.

नवी पानं वेडीवाकडी, टोकं-कडा तपकिरी, टोमॅटोच्या फळाचा बूड काळा आणि चामड्यासारखा: कॅल्शियम. पण कॅल्शियम कमी पडलंय असं मात्र लगेच समजू नका. ते पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळे पाणी कधी खूप, कधी नाही असं झालं, ईसी चढला किंवा हवा फार दमट राहिली की माध्यमात भरपूर असूनही फळापर्यंत पोचत नाही. पानांवर फवारलेलं कॅल्शियम पानातून फळात जात नाही. पाण्याची वेळ सांभाळा, पुढची फळं चांगली येतात. काळं पडलेलं फळ तोडून टाका.

शेंड्याची पानं सरसकट फिकट, शिराही पिवळ्या: गंधक, तसं क्वचित. पानं बारीक आणि पेरं आखूड: जस्त. शेंडाच मेला, खालून फुटवे फुटले: बोरॉन, पण त्याआधी पांढरा कोळी पुन्हा एकदा भिंगाने बघा. जुन्या पानांची पाठ जांभळी आणि पान गर्द: स्फुरद, आणि तो बहुतेक वेळा थंडीचा परिणाम असतो, हे वर आलंच.

कोकोपीट वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. न धुतलेलं, न मुरवलेलं कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढतं आणि पालाश-सोडियम सोडतं. त्यात वर्षभर नुसतं १९:१९:१९ घातलं, ज्यात कॅल्शियम नसतंच, तर शेंडा आणि खालची पानं दोन्ही एकदम बिघडतात आणि कुठलाच तक्ता जुळत नाही. कोकोपीटला कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट पहिल्या दिवसापासून लागतं.

## टप्पा ८: दुरुस्ती, एका वेळी एकच

क्षार साठलेला असेल तर कुंडी धुवा. कुंडीच्या आकारमानाच्या दोन ते तीन पट, खोलीच्या तापमानाचं, सामू जुळवलेलं पाणी, तीन-चार हप्त्यांत, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. शेवटी निचऱ्याचा ईसी पुन्हा मोजा. तो उतरला की नेहमीच्या एक तृतीयांश ते अर्ध्या ताकदीचं, सगळी अन्नद्रव्यं असलेलं खत एकदा द्या, कारण धुण्यात चांगलं-वाईट सगळंच जातं. साध्या बागेच्या मातीत एवढं पाणी ओतू नका, मुळं बुडतील. तिथे वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर काढून नवीन मिश्रण भरा आणि पुढचे काही आठवडे खत निम्मं करा.

उपाशी असेल तर नेहमीच्या खताची ताकद पाव पटीने वाढवा, दुप्पट नाही. फक्त मॅग्नेशियम कमी असेल तर मॅग्नेशियम सल्फेट एका लिटरला एक ग्रॅम पाण्यातून, किंवा लिटरला पाच ग्रॅमची फवारणी दिवा बंद झाल्यावर. आठवड्यातून एकदा, दोन-तीन वेळा, मग थांबा.

सावधान: कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट दाट स्वरूपात एकाच बाटलीत कधीही नाही. दूध फाटल्यासारखा पांढरा साका बसतो, तो जिप्सम असतो, आणि झाडाला दोन्हींपैकी काहीच धड मिळत नाही. स्फुरदयुक्त खतंही कॅल्शियमबरोबर अशीच साकळतात. एक पूर्ण पाण्यात पातळ करून घ्या, मग दुसरं घाला.

यापुढे दर पाण्याला दहा ते वीस टक्के पाणी खालून निघू द्या आणि ते फेकून द्या. बशीतलं पाणी परत कुंडीत जाऊ देणं म्हणजे धुतलेला क्षार परत घालणं.

## टप्पा ९: थांबा आणि नवं पान बघा

जळालेला तपकिरी भाग पुन्हा हिरवा होत नाही, कितीही चांगला उपाय असला तरी. नत्र किंवा मॅग्नेशियमने फिकट झालेलं पान थोडंफार सुधारू शकतं, पण त्यावर निर्णय घेऊ नका. उपाय केलेल्या दिवशी सगळ्यात वरच्या पूर्ण उघडलेल्या पानाच्या देठाला सैल दोरा बांधा. सात ते दहा दिवसांनी दोऱ्याच्या वरची पानं बघा. ती स्वच्छ असतील तर उपाय बरोबर, दोऱ्याखालचं काहीही असो. ती तशीच बिघडलेली येत असतील तर डोस वाढवू नका, टप्पा तीनपासून पुन्हा सुरू करा.

बिघडलेली सगळी पानं एकदम खुडून टाकायचा मोहही आवरा. अर्धं हिरवं पानही झाडाला पोसत असतं. रोगट किंवा कोळ्याने भरलेली काढा, बाकी राहू द्या.

कधी कधी सगळे टप्पे होतात, आकडे सगळे जागेवर असतात, आणि नवी पानं तरीही गर्द-फिकट हिरव्या ठिगळांची, आक्रसलेली, असमान येत राहतात. ठिगळं शिरांच्या रेषेत नसतात, समतोल नसतो, झाड खुजं राहतं. हा विषाणू. चुरडामुरडा (पानं आक्रसवणारा विषाणूरोग) पांढऱ्या माशीतून येतो, मोझॅकचा एक प्रकार हातातून आणि कात्रीतूनही पसरतो, तंबाखू हाताळलेल्या बोटांतूनसुद्धा. त्यावर औषध नाही, खत नाही. ते झाड पिशवीत बांधून बाहेर काढा, कात्री धुवा, हात साबणाने धुवा, आणि शेजारच्या कुंड्यांवर दोन आठवडे रोज भिंग फिरवा. नवीन आणलेलं प्रत्येक रोप जुन्या झाडांजवळ नेण्याआधी तेवढेच दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.